विषयांची खिचडी: नवशिक्या गुरुजींसाठी कृती

साहित्य: जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, एक. पहिली ते पाचवी, पट ४६. फळा, ज्याच्या डाव्या कोपऱ्यात खडू उमटत नाही असा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या (लग्नसराईत मुबलक मिळतात). ५० पैशांची पोस्टकार्डं, डझनभर. गावातली एक म्हातारी. ऐकू कमी येत असलं तरी चालेल, बोलता आलं पाहिजे. नुकतेच रुजू झालेले शिक्षणसेवक, म्हणजे तुम्ही. आणि चवीपुरतं परिपत्रक.

परिपत्रक पुष्कळदा चवीपुरतं न येता मूठभर येतं, त्याला इलाज नाही. लेखनकौशल्याची अन्य विषयांशी सांगड घालणारे नावीन्यपूर्ण उपक्रम राबवावेत आणि सचित्र अहवाल उद्या दुपारी दोनपर्यंत पाठवावा, अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नऊला पडला, की आधण ठेवायची वेळ झाली असं समजावं. नवशिके इथेच घोटाळा करतात. कोणता उपक्रम घ्यावा याचा विचार करत जागतात. आधी फोटो कोणते लागतील ते बघावं. मुलं गोल करून बसलेली, एक. मुलं खाली माना घालून लिहिताना, एक. तुम्ही वाकून कुणाच्या तरी वहीत बोट ठेवलेलं, एक. (बोट ठेवताना वहीकडेच बघावं. माझा एक फोटो असा आहे की नजर कॅमेऱ्याकडे आणि बोट मुलाच्या डब्यात.) हे तीन फोटो जमले की उपक्रम झाल्यात जमा. मी स्वतः अशा तीन फोटोंवर सलग दोन वर्षं काढली आहेत.

फोटो काढून झाल्यावरही ज्यांच्याकडे थोडा वेळ आणि थोडा खडू उरतो, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे.

थोडी पूर्वपीठिका, कारण प्रशिक्षणात हे सगळं कालच निघाल्यासारखं सांगतील. सुलभक पडद्यावर ‘आंतरविद्याशाखीय’, ‘अनुभवात्मक’, ‘कला-एकात्मिक’ हे शब्द एकाखाली एक आणतील, तुम्ही ते वहीत उतरवून घ्याल, आणि मग चहा येईल. आपल्याकडे याला जुना, सुटसुटीत शब्द आहे: समवाय. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, तिने झाकिर हुसेन यांची समिती नेमली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. मुलाच्या हातात टकळी. सूत मोजलं की गणित. कापूस कुठल्या मातीत येतो हे बघितलं की भूगोल. तो मँचेस्टरला जाऊन कापड होऊन परत का येतो हे विचारलं की इतिहास. आज किती कातलं, धागा कितीदा तुटला आणि का, हे संध्याकाळी वहीत लिहिलं की भाषा. पुढे टकळी गेली. प्रशिक्षणांत आता नुसती टकळी चालते.

साने गुरुजी तर अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, हाताने! आपलं वार्षिक हस्तलिखित १५ ऑगस्टला ठरतं, २६ जानेवारीला सुरू होतं आणि मुखपृष्ठावरच्या सरस्वतीची वीणा रंगवता रंगवता मेची सुट्टी लागते.

सरकारनेही मध्यंतरी ही खिचडी स्वतः शिजवून पाहिली. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तकं चार भागांत आली, एका बांधणीत अनेक विषय, आणि धड्यांच्या पाठोपाठ कोरी पानं. त्यांचं नाव ‘माझी नोंद’. वेगळी वही लागू नये, दप्तर हलकं व्हावं, हा हेतू. मुलं पुस्तकही आणू लागली आणि वहीही आणू लागली, कारण पुस्तकात लिहिलं तर आई मारते हे ज्ञान कुठल्याही शासननिर्णयापेक्षा जुनं आहे. दोन वर्षांनी पानं बंद झाली. आमच्याकडे त्यांवर फारसं काही लिहिलं गेलं नाही. तिसरीतल्या एकाने मात्र ‘माझी नोंद’ या मथळ्याखाली अगदी नेमकं लिहिलं होतं: ‘माझी नोंद हजेरीत आहे. १७ नंबर.’

आता प्रत्यक्ष कृतीकडे.

शाब्दिक उदाहरण (गणितात भाषा)

सगळ्यात सोपा पदार्थ. मुलांनी आपलं आपण शाब्दिक उदाहरण रचायचं आणि शेजाऱ्याने ते सोडवायचं. पहिल्या दिवशी काही धोका नसतो. रामूने २० आंबे आणले, ५ श्यामूला दिले. आमच्या गावात आंब्याचं झाड एकच आहे, त्याला कैरी धरायच्या आत दगड बसतो. पण उदाहरणात आंबे २०. पुस्तकातल्या गणितातली माणसं वेगळ्या गावची असतात, हे मुलांनी पहिलीतच ओळखलेलं असतं. ती माणसं टाकी भरायला वरचा नळ सोडतात आणि खालचा उघडा ठेवतात. आमच्याकडे एप्रिलपासून टँकर येतो. असा खालचा नळ उघडा ठेवणारा कुणी सापडला असता, तर टाकी किती तासांत भरेल हे विचारायला तो शिल्लक राहिला नसता.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला मोह होईल की म्हणावं, ‘तुमच्या घरातलं उदाहरण लिहा.’ म्हणू नका. मी म्हणालो.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता; माणसांची मोजणी अवजारात होते. काही मुलं आजीकडे मागे राहतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय होते. बाकीची आईबापांबरोबर फडावर जातात. २०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. पाचवीतल्या एका मुलाने लिहिलं:

‘माझ्या आईबापानी मुकादमाकडून १ लाख रुपये उचल घेतली. एका टनाला ३६६ रुपये. एक कोयता एका दिवसात २ टन तोडतो. तर उचल किती दिवसात फिटंल? मधी आईला ताप आल्यास काय?’

हे उदाहरण त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीकडे सोडवायला गेलं. तिने नीट भागाकार केला. १,००,००० भागिले ३६६, म्हणजे २७३ टन आणि वर थोडं. दिवसाला २ टन धरले तर १३७ दिवस. मी बोटं मोजून पाहिली: १५ नोव्हेंबरला तोड लागली तर ३१ मार्च उजाडतो. इथवर सगळं अध्ययन निष्पत्तीत बसत होतं. शेवटच्या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं: ‘मग मोठी बहीण तोडती.’

मी त्याला बरोबरची खूण केली. मग बराच वेळ लाल पेनाचं टोपण शोधत राहिलो. ते माझ्या दातात होतं.

त्याच आठवड्यात त्या मुलाने मला तीन शब्द शिकवले. मोळी मला ठाऊक होती असं मला वाटत होतं. ती डोक्यावर घेऊन फळीवरून चालत गाडीत टाकायची असते हे ठाऊक नव्हतं. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावरांचा चारा; तो विकून फडावरचा वरखर्च निघतो. आणि कोपी. ‘कोपी म्हंजी घर का?’ असं मी त्याच्या बोलीत विचारल्यावर तो थोडा विचार करून म्हणाला, ‘घर न्हाई सर. कोपी.’

खबरदारी: घरातलं उदाहरण मागू नये. मागितलंच तर रीत तपासावी आणि पुढच्या वहीकडे वळावं.

पावसाची वही (विज्ञान, भूगोल आणि आजी)

‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध तुम्ही देणारच. मीही देतो. त्यात मृद्गंध दरवळतो, झाडं-वेली आनंदाने डोलतात आणि मोर पिसारा फुलवून नाचतो. आमच्या जिल्ह्यात मोर आहेत, नाही असं नाही, नायगावला त्यांचं अभयारण्यच आहे. पण आमच्या शाळेच्या वह्यांतून दर जूनमध्ये जेवढे नाचतात तेवढे तिथे असतील का, शंका आहे. याचं कारण मुलांची कल्पनाशक्ती कमी पडते असं नाही. मुलांनी तो पाऊस गाईडातून आणलेला असतो, आणि गाईडात पाऊस वेळेवर येतो.

म्हणून बाटली घ्यावी. सरळ अंगाची, मधे खळगे नसलेली. वरचा उतरता भाग कापून उलटा तोंडात बसवावा, नरसाळं तयार होतं. तळाशी खडे टाकावेत, वाऱ्याने आडवी होऊ नये म्हणून. खड्यांच्या वर येईल इतकं पाणी ओतून तिथे शून्याची रेघ मारावी आणि रेघेपासून वर पट्टीने मिलिमीटर आखावेत. भिंत, झाड आणि दुसरीतली मुलं यांच्यापासून लांब ठेवावी. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, आपणही तेव्हाच मोजावा. शाळा दहाला भरते, तुम्ही तालुक्याहून सव्वादहाला येता, तेव्हा हे काम शाळेशेजारच्या घरातल्या मुलीकडे द्यावं. ती एकही दिवस चुकवणार नाही. याचा पुढे त्रास होतो, तो सांगतो.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मुलांना हे एकदा कळलं की ती थांबत नाहीत. आमच्या वर्गाचं छत ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद, म्हणजे ५४ चौरस मीटर. १० मिलिमीटर पडला तर ५४० लिटर. ‘म्हणजे सर, छतावरनं रांजण किती वाहून गेले?’ त्या दिवशी भागाकार न शिकवताच झाला. पन्हळ अजून बसलेली नाही.

लेखन कुठे आलं? नोंदीत. तारीख, मिलिमीटर आणि एक ओळ. ओळीत मोर आणायचा नाही, एवढीच अट. मग ती ओळ आणायची कुठून, तर घरून, आजीकडून. आजीकडे कॅलेंडर नसतं, नक्षत्रं असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग, मग आर्द्रा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. प्रत्येक नक्षत्राला बसायला वाहन: बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर आजी खूश, कोल्हा असेल तर ती कपाळाला हात लावते. आमच्या वहीतल्या दोन नोंदी देतो.

‘१४ जुलै. ० मि.मी. आजी म्हणती तरणा झोपला आहे.’

‘२२ जुलै. २ मि.मी. म्हातारा नुसता थुंकला.’

मी वीस वर्षं पावसावरचे निबंध तपासले. आठ-आठ ओळींचे परिच्छेद, अलंकार, शेवटी पाऊस पडलाच पाहिजे. ‘म्हातारा नुसता थुंकला’ हे वाक्य त्यातल्या कुठल्याही परिच्छेदाला उचलून बाजूला ठेवतं. मघा नक्षत्राची म्हणही मुलांनी घरून जशीच्या तशी लिहून आणली. ज्यांना ती येते त्यांना कळेल की तिचा उत्तरार्ध अहवालात का जोडता आला नाही.

आता त्रास. ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात आमच्या महसूल मंडळात १८ मिलिमीटर पाऊस झाल्याचं छापून आलं. मुलीने वही उघडून माझ्यापुढे धरली: त्या दिवशी शून्य. शब्द न शब्द सांगतो, तिने विचारलं, ‘सर, मग आपला पाऊस कुणाकडं पडला?’ मंडळाचा पर्जन्यमापक सात-आठ किलोमीटरवर आहे, पाऊस तुकड्यातुकड्याने पडतो, तिथे पडून इथे न पडणं शक्य आहे, हे मी तिला समजावलं. ते खरंच आहे. पण दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले आणि पीकविम्याच्या तक्रारीला जोडायला त्या वहीची झेरॉक्स मागू लागले. माझ्या नोकरीत मुलांच्या लिखाणाची झेरॉक्स मागणारा तो पहिला माणूस. मी शाळेचा शिक्का मारायचा की नाही यावर रात्रभर विचार केला. शिक्का न मारता दिली. तिने खाली स्वतः सही केली होती, इयत्ता चौथीसकट.

खिचडी (शब्दशः)

‘कृती लिहा’ हा उपक्रम पोषण आहारावर घ्यावा असं सगळी पुस्तकं सुचवतात, आणि मुलांना तो आवडतो, कारण भुकेच्या वेळी घेता येतो. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ. जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण. ४६ मुलांना ४ किलो ६०० ग्रॅम. स्वयंपाकीण मावशींची मुलाखत घ्यायची, तोलून मापून लिहायचं, आज्ञार्थ वापरायचा: धुवा, चिरा, परता.

चौथीतल्या एकाने कृतीच्या आधी साहित्य लिहिलं आणि साहित्याच्या आधी मुलं मोजली. ‘आज ३१ मुलं आहेत. फळ्यावर ४६ आहेत. म्हणून १५ मुलांचा भात फळ्याने खाल्ला.’ फळ्यावरचा आकडा सोमवारचा पुसायचा राहून गेला होता. खरोखर राहून गेला होता. तरीही तुम्हाला सांगून ठेवतो: बेरीज-वजाबाकी आणि प्रामाणिक लेखन एकाच तासाला घेऊ नये. दोन्हींमध्ये किमान एक मधली सुट्टी असावी.

चित्रकला आणि लेखन यांची सांगड सगळ्यात निर्धोक. कासव काढायचं, खाली ‘कासव’ लिहायचं. यालाही उपक्रम म्हणतात, फोटोही चांगला येतो. शारीरिक शिक्षणात खो-खोचं धावतं समालोचन मी एकदा घेतलं. समालोचक बोलता बोलता स्वतःच धावू लागला आणि बाद झाला. पुढे.

रस्ता (इतिहास)

इतिहासात लेखन घालायचं तर आत्मवृत्त सांगावं, असं तुम्हाला डी.एड.ला शिकवलं असेल. ‘मी किल्ला बोलतोय.’ किल्ला बोलतो, वड बोलतो, फाटकी छत्री बोलते. मराठी शाळेत निर्जीव वस्तू जेवढ्या बोलतात तेवढी मुलं बोलत नाहीत. छत्रीला गप्प करा आणि सुरुवातीला सांगितलेली ती म्हातारी आणा.

आमच्या शाळेत आलेल्या आजी एका मुलाच्या पणजी. त्यांना खुर्ची दिली, त्या खाली बसल्या. मुलांनी आधी प्रश्न लिहून ठेवले होते. मी ते तपासूनही दिले होते. ‘आपल्या बालपणीच्या खेळांविषयी सांगाल का?’ हा पहिला. आजींनी तो ऐकला नाही, किंवा ऐकून सोडून दिला. त्या दारातून बाहेर रस्त्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘ही सडक आमी केली.’

१९७२ चा दुष्काळ. मुलांना तो पुस्तकातल्या दोन ओळींतून ठाऊक. आजींना तो दगडातून ठाऊक. खडी फोडायची, पाट्या वाहायच्या, तान्ही पोरं लिंबाखाली झोळीत. कामावर सुकडी मिळायची, ती फडक्यात बांधून घरी न्यायची. रेशनवर आलेली ती लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी कशी लागायची हे सांगताना आजींनी जे तोंड केलं, ते कुठल्याच वहीत उतरलं नाही. मजुरी किती होती, हा प्रश्न पाचवीतल्या मुलीने यादीत नसताना विचारला. आजींना आकडा आठवला नाही. पण आठवड्याला मिळालेल्या पैशातून पहिल्यांदा काय आणलं ते आठवलं. काचेचा कंदील. दुसऱ्या आठवड्यात फुटला.

हे ऐकून मुलांनी जे लिहिलं ते मी तपासायला घेतलं तेव्हा मला एक अडचण आली. बहुतेकांच्या पहिल्या वाक्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, आणि वाक्य एकच होतं. ‘आपल्या शाळेम्होरचा रस्ता ह्याच्या पणजीनी केला.’ मी लाल पेन घेतलं, ‘शाळेम्होरचा’खाली रेघ मारली, मग ती खोडली. नवशिक्यांसाठी माझं मत असं की ‘पानी’चं ‘पाणी’ जरूर करावं, ऱ्हस्व-दीर्घही शिकवावं, त्यात कुचराई करू नये. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी वही घरी जाऊ द्यावी, कारण ती पणजीला वाचून दाखवली जाणार असते, आणि पणजीला वेलांटी दिसत नाही.

या उपक्रमाचा दुष्परिणाम: मुलं आता त्या रस्त्यावर थुंकत नाहीत, आणि दुसऱ्या कुणी थुंकलं तर त्याला थांबवून पणजीचं नाव सांगतात. मागच्या वर्षी रस्त्याचं डांबरीकरण झालं तेव्हा कोनशिलेवर कुणाकुणाची नावं आहेत हे त्यांनी उतरवून आणलं आणि मला विचारलं. मी म्हणालो, पुढचा धडा काढा.

पोस्टकार्ड (नागरिकशास्त्र, भूगोल आणि बाकीचं सगळं)

‘पत्रलेखन’ परीक्षेला येतं, म्हणून मुलांना मायना तोंडपाठ असतो. तीर्थरूप, साष्टांग नमस्कार, वि. वि. पत्ता ‘अ. ब. क., शिवाजीनगर’. महाराष्ट्रातली लाखो मुलं दरवर्षी या अ. ब. क.ला पत्र लिहितात आणि त्याचं एकदाही उत्तर येत नाही. इतकं होऊनही लिहीत राहतात, हा त्यांचा चांगुलपणा.

डिसेंबरात वर्गातल्या ११ जागा रिकाम्या होत्या. उरलेल्यांना मी पोस्टकार्डं वाटली आणि सांगितलं, जे फडावर गेलेत त्यांना लिहा. मजकूर पाच मिनिटांत झाला. पत्त्यावर तीन दिवस गेले. तोड कोल्हापूरच्या बाजूला. कोणता कारखाना, कोणता गट, कोणत्या गावच्या शिवारात. आज्यांना विचारलं, मुकादमाच्या घरी फोन केले, भिंतीवरच्या नकाशात गावं शोधली, सापडली नाहीत, मग नद्या धरून शोधली. शेवटी पिन कोड. सहा आकड्यांतला पहिला ४ आपला, आणि गोव्याचाही, मध्य प्रदेशाचा, छत्तीसगडचाही. बीड आणि कोल्हापूर दुसऱ्याच आकड्याला वेगळे होतात: ४३ आणि ४१. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, म्हणजे आजी खडी फोडत होत्या त्याच साली. आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, जे टपाल खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतात काव्यं, नाटकं लिहीत. भाषा आणि आकडे एका माणसात इतके बेमालूम कालवलेले मी दुसरे पाहिले नाहीत.

पाचवीतल्या त्या भागाकारवाल्या मुलीने कार्डावर पत्ता असा लिहिला: मुकादमाचं नाव, कारखान्याचं शेतकी गट ऑफिस, गाव, पिन कोड; आणि खाली, जागा उरली होती म्हणून, ‘विहिरीच्या पलीकडं तिसरी कोपी’.

११ कार्डं गेली. जानेवारीत काही आलं नाही. मी अहवाल पाठवून दिला, तीन फोटोंसह. उपक्रमाचं फलित या रकान्यात ‘विद्यार्थ्यांमध्ये पत्रलेखनाची गोडी निर्माण झाली’ हे वाक्य टाकलं. ते माझ्या मोबाइलमध्ये तयारच असतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एक कार्ड आलं. उसाच्या चिकट बोटांचे ठसे कडेला. मायना नव्हता.

‘त्या गणिताचं उत्तर १३७ दिवस न्हाई. आज २० फेब्रुवारी. आमचे १९० टन झाले. आई चार दिवस पडून होती. ताईनी तोडला पण तिला मोळी उचलत न्हाई. ऱ्हायलेलं तुम्ही काढा. जागा संपली.’

तो तास कुठल्या विषयाचा होता ते मला आठवत नाही. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात खडू उमटत नाही म्हणून मुलीने उजवीकडून सुरुवात केली. २७३ वजा १९०, ८३. भागिले २, साडेएकेचाळीस, म्हणजे ४२ दिवस, कारण अर्ध्या दिवसाचा कुणी मुकादम सोडत नाही, हे मागच्या बाकावरून आलं. २१ फेब्रुवारीपासून ४२ दिवस. कॅलेंडर खाली उतरवलं. फेब्रुवारी २८ चा की २९ चा यावर थोडी मारामारी झाली. ३ एप्रिल. मग कुणीतरी कॅलेंडरवर बोट मागे नेलं: पाडवा ३० मार्चला होता.

त्यांनी मला एक कोरं कार्ड मागितलं. मजकूर काय लिहायचा, हे या वेळी मला विचारलं नाही. पेटीत टाकायच्या आधी मी वाचलं.

‘३ एप्रिल. पाडवा चार दिवसानी हुकतोय. तुझी साखरंची गाठी डब्यात ठेवतो. मुंग्या लागल्या तर आम्हाला बोलायचं न्हाई.’